आजीचं आयुष्य लिहून ठेवायचंय? इथून सुरुवात करा

माझी आजी २०२३ च्या डिसेंबरात गेली. ८७ वर्षांची होती. वर्षश्राद्धाला आम्ही तिच्यावर ६४ पानांची एक पुस्तिका काढली आणि आल्यागेल्याच्या हातात दिली. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतात, "आम्हालाही आमच्या आजोबांचं असं करायचंय, पण धरायचं कुठून?" त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगितलं, ते सगळं इथे एकत्र लिहिते आहे. त्यासाठी लेखक असावं लागत नाही. फोन, एक वही आणि चार-सहा महिन्यांतल्या सवडीच्या दुपारी, एवढं पुरतं.

आधी एक काम करा. वहीच्या पहिल्या पानावर "प्रेमळ, कष्टाळू, सोशिक, मनमिळाऊ" असे शब्द लिहा आणि त्यांवर काट मारा. हे शब्द खोटे नसतात, पण पेपरातल्या प्रत्येक श्रद्धांजलीत ते असतात आणि त्यांतून तुमची आजी ओळखू येत नाही. ती कितीला उठायची, दूध कोण आणायचं, घरातला पहिला चहा कुणाला मिळायचा आणि ती स्वतः कधी प्यायची, यातून ती दिसायला लागते. गुण लिहू नका, दिवस लिहा. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

माणूस समोर आहे तोवर आवाज घ्या

आजी-आजोबा हयात असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी आवाज घ्या. कागद पुढच्या वर्षीही सापडतील.

रेकॉर्डिंगसाठी फोनमधलं साधं ॲप चालतं. फोन विमान-मोडवर टाका, नाहीतर नेमक्या जागी कुणाचा तरी कॉल येतो. फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. थेट टेबलावर ठेवला तर बांगड्या आपटल्याचा आवाजही बोलण्यापेक्षा मोठा येतो. पंखा बंद करा. माझी पहिली दोन रेकॉर्डिंग पंख्याच्या घरघरीत गेली आणि त्यात आजी तिच्या वडिलांविषयी बोलली होती. पुन्हा विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, पण पहिल्यांदा सांगताना ती जिथे थांबली होती, तिथे या वेळी थांबली नाही.

वेळ दुपारची, झोप झाल्यानंतरची. चहा झाला की चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. त्याहून लांबवू नका, ऐंशी पार केलेला माणूस दमतो आणि मग "हो, तसंच काहीतरी" म्हणायला लागतो. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, जागा आणि कोण बोलतंय हे सांगून टाका. रेकॉर्ड करतोय हे त्यांना सांगा, चोरून करू नका. पहिली पाच मिनिटं त्या जरा अवघडतील, नंतर फोन विसरतील.

आणि त्याच रात्री फाईलची प्रत दुसरीकडे ठेवा. एक लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या घरात राहणाऱ्या कुणाकडे. माझा फोन दुरुस्तीला दिला आणि परत आला तो कोरा होऊन. तीन दुपारी त्यात होत्या. अजून ते आठवलं की पोटात तुटतं.

काय विचारायचं

"तुझ्या आयुष्याविषयी सांग ना" असं विचारलंत तर उत्तर येतं, "काय सांगायचं, आमचं कसलं आलंय आयुष्य." यात खोटी नम्रता नसते. एवढ्या मोठ्या प्रश्नाचं टोक त्यांना सापडत नाही.

दुसरी अडचण याच्या उलटी. काही प्रसंग त्यांनी इतक्यांदा सांगितलेले असतात की ते गुळगुळीत झालेले असतात. पुण्यातल्या जुन्या घरांमध्ये असा हमखास प्रसंग म्हणजे पानशेत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. आजी तेव्हा २५ वर्षांची, नारायण पेठेतल्या वाड्यात, कडेवर माझी आत्या. पुराविषयी विचारलं की ती दरवेळी तेच सांगायची, जे आम्ही लहानपणापासून ऐकलं होतं: पाणी आलं, लोक पळाले, आम्ही पर्वतीकडे गेलो.

एका दुपारी मी विचारलं, "त्या दिवशी सकाळी स्वयंपाक काय केला होता?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "कणीक भिजवून परातीत झाकून ठेवली होती. पोळ्या व्हायच्या होत्या." आणि तिथून ती पंचवीस मिनिटं बोलली. कणीक तशीच टाकून निघावं लागलं याचं तिला तेव्हाही वाईट वाटलं होतं. नव्या लोणच्याची बरणी तिनं माळ्यावर चढवून ठेवली, आजोबांची प्रमाणपत्रं खालच्या ट्रंकेत राहिली. लोणचं वाचलं, प्रमाणपत्रांचा लगदा झाला. "त्यावरून तुझ्या आजोबांची बोलणी वीस वर्षं खाल्ली मी," असं म्हणताना ती हसत होती. साठ वर्षांत हे घरात कुणाला माहीत नव्हतं, कारण कणकेविषयी कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून प्रश्न वस्तूंवरून, जागांवरून, वासांवरून विचारा. सगळ्यात चांगला प्रश्न घराचा. कोरा कागद आणि पेन्सिल त्यांच्या हातात द्या आणि वाड्याचा नकाशा काढायला सांगा. दिंडी दरवाज्यातून आत आलं की काय होतं? चौकात हौद होता की आड? (पेठांमधल्या कितीतरी हौदांना पेशवाईत कात्रजहून बांधून आणलेल्या नळाचं पाणी येत असे. आजीला ते "कात्रजचं पाणी" म्हणूनच माहीत होतं.) माजघरात कोण झोपायचं? माडीवर बिऱ्हाडकरू कोण होते? संडास किती घरांत मिळून एक, आणि सकाळी रांग कशी लागायची? नकाशा वेडावाकडा आला तरी चालेल. खोलीखोलीतून माणसं बाहेर येतात. आता तो वाडा पाडून इमारत झाली आहे, आणि आमच्याकडे त्याचं एकच चित्र आहे, आजीनं माझ्या वहीत काढलेलं.

पैशांचे प्रश्नही छान चालतात. पहिला पगार किती, भाडं किती, साडी केवढ्याची. शाळेविषयी विचारताना जुने शब्द समजून घ्या. "मी फायनल झाले" म्हणजे सातवीची व्हर्नाक्युलर फायनल, आणि जुनी मॅट्रिक अकरावीची. शिक्षण मध्येच सुटलं असेल तर का सुटलं हे हळुवार विचारा. हुजूरपागा १८८४ पासून आहे, सेवासदन १९०९ पासून. पुण्यात मुलींच्या शाळा होत्या, पण घरातून परवानगी असणं ही वेगळी गोष्ट होती.

हात चालतानाचं चित्रण

बोलायला संकोचणाऱ्या माणसाला कामाला बसवा. मेतकूट करताना, वाती वळताना, गोधडीला टाके घालताना व्हिडिओ घ्या, आणि कॅमेरा तोंडावर न ठेवता हातांवर ठेवा. हात गुंतले की तोंड मोकळं होतं.

पाककृती लिहिताना माप त्यांच्याच शब्दांत लिहा, चिपटं, मापटं, फुलपात्रभर, बोटाच्या पेराएवढं, आणि शेजारी वजनही लिहा. मी आजीला मूठभर डाळ काट्यावर टाकायला लावली. दुसऱ्या बाजूला माझी मूठ मोजली. दोन्हींत बराच फरक निघाला, आणि माझं मेतकूट का बिघडत होतं ते कळलं.

जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या पूर्ण घ्या, अर्थ लागो न लागो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून काम करत महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तुमच्या आजीची ओवी त्यांतली एखादी असेल किंवा नसेलही. तिनं ती कोणाकडून उचलली ते मात्र विचारा, तिथे तिच्या आईचा नाहीतर आत्याचा पत्ता लागतो.

साल कसं लावायचं

जुन्या माणसांना इसवी सन आठवत नाही. शाळेच्या दाखल्यातल्या जन्मतारखेवरही विसंबू नका. कितीतरी जणांची तारीख १ जून आहे, कारण नाव घालताना गुरुजींनी तीच टाकली.

त्याऐवजी खुंट्या ठोका. पुण्यातल्या माणसासाठी पहिली खुंटी अर्थातच पानशेत: "हे पानशेतच्या आधीचं की नंतरचं?" एवढ्यावर अर्धं काम होतं. बाकीच्या मी वापरलेल्या: गांधीवध (३० जानेवारी १९४८), संयुक्त महाराष्ट्र (१ मे १९६०), कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७, पहाटेचा), १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतले ब्लॅकआउट, १९७२ चा दुष्काळ आणि त्यातली सुकडी (वाटलेला पौष्टिक खाऊ) आणि मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी), आणि आणीबाणी. "भूकंप झाला तेव्हा कोणतं मूल पोटात होतं?" या प्रश्नाला उत्तर लगेच येतं.

नाण्यांवरूनही अंदाज लागतो, पण जपून. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. तरी त्यानंतर कितीतरी वर्षं लोक २५ पैशांना चार आणेच म्हणत राहिले, त्यामुळे "चार आण्याला मिळायचं" हा १९५७ च्या आधीचा पुरावा नव्हे. "पै" किंवा "भोकाचा पैसा" म्हणाल्या तर आठवण नक्की जुनी. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळातला.

तिथी आठवत असेल तर फारच उत्तम. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांना ७९ मिळवायचे. अधिक महिन्याचा उल्लेख आला तर सोडू नका. आजीच्या धाकट्या भावाचा जन्म "अधिक श्रावणातला" होता. अधिक श्रावण २०२३ ला होता, २००४ ला होता, असं साधारण १९-१९ वर्षांनी मागे गेलं की १९८५, १९६६ आणि १९४७ येतात. १९८५ आणि १९६६ शक्य नव्हतं. म्हणजे तो स्वातंत्र्याच्या वर्षातला, १९४७ चा श्रावण. मामाआजोबांना पंच्याहत्तरीत पहिल्यांदा स्वतःच्या जन्माचं साल पुराव्यासकट मिळालं, आणि त्यांनी त्या दिवशी घरी पेढे आणले.

माणूस गेल्यावर

कुणी म्हणेल, आमची आजी तर गेली, आता काय. तरीही करा. फक्त घाई करा, कारण तिला ओळखणारी माणसंही तिच्याच वयाची आहेत.

पहिला फोन माहेरी. सासरच्या घरात तिला सगळे सून, आई, आजी म्हणून ओळखतात. ती परकर-पोलक्यात कशी होती हे माहेरच्यांनाच माहीत. "मावशी, तुम्ही तिला लहानपणी काय म्हणायचात?" असं विचारा. आजीला माहेरी एक नाव होतं, जे आम्ही तिच्या तेराव्याला, ८० वर्षांच्या तिच्या चुलतबहिणीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

नावाचा प्रश्न फक्त हळवा नाही, कामाचाही आहे. लग्नात ताम्हणातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायची पद्धत. आडनाव तर बदलतंच, त्या पिढीत पुष्कळदा पहिलं नावही बदललं. त्यामुळे शाळेतल्या नोंदी शोधताना माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव लागतं. आम्ही दोन महिने चुकीच्या नावानं शोधत होतो.

मग शेजारी, भजनी मंडळातल्या बायका, भिशीच्या मैत्रिणी, नोकरी असेल तर तिथल्या सहकारी. आजी मंडईत ज्यांच्याकडून चाळीस वर्षं भाजी घ्यायची, त्या गाळ्यावर मी गेले. आता त्यांचा मुलगा बसतो. तो म्हणाला, "आजी अळूची जुडी हातात घेऊन देठ मोडून बघायच्या आणि मगच भाव विचारायच्या." हे एक वाक्य मी जसंच्या तसं छापलं.

तेराव्याला किंवा पहिल्या वर्षात जमतील त्या ठिकाणी एक वही ठेवून द्या आणि प्रत्येकाला चार ओळी लिहायला सांगा. लिहायला लाजणाऱ्यांचं तुम्ही ऐकून लिहा. फोनवर आलेले तिचे व्हॉइस मेसेजही आजच वेगळे साठवून ठेवा. "जेवलीस का, फोन कर" एवढंच असतं त्यात. तेच ठेवा.

कागद आणि फोटो

ट्रंक उघडाल तेव्हा टाचण्या आणि रबरबँड आधी काढा. टाचणी गंजते, रबर चिकटतं. काहीही लॅमिनेट करू नका, एकदा केलेलं निघत नाही. जुनं रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, भाड्याच्या पावत्या, रेडिओच्या लायसन्सची पुस्तिका, लग्नपत्रिका, हिशोबाच्या वह्या हे सगळं ठेवा. रेडिओचं लायसन्स पोस्टात काढावं लागे आणि त्यावर पत्ता असतो, त्यावरून कोणत्या साली कुठे राहत होते ते जुळवता येतं. हिशोबाची वही तर रोजनिशीच असते. आजीच्या १९६८ च्या वहीत एका दिवशी फक्त "दवाखाना, टांगा, मोसंबी" एवढंच आहे. त्या दिवशी बाबांचा हात मोडला होता.

मोडी लिपीतला कागद निघाला तर रद्दीत टाकू नका. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत घरगुती व्यवहारात मोडी होती. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात, जे १९१० पासून चालू आहे, मोडी जाणणारी माणसं भेटतात. तुमच्या घरी कुळाचा कुलवृत्तांत छापलेला आहे का तेही विचारा, आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरला घरातलं कुणी गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत पूर्वजांच्या नोंदी असू शकतात.

फोटोच्या मागे बॉलपेननं लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उमटते. मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं लिहा: डावीकडून कोण कोण, कुठे, कधी. हे काम सगळ्यात वयस्कर माणसासमोर बसून करा, एका बैठकीत वीसच फोटो. मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर त्याचाही फोटो घ्या. स्कॅन ६०० डीपीआयला करा. स्कॅनर नसेल तर खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोनवर. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो निघत नसेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा.

"हे लिहू नकोस"

प्रत्येक घरात हे वाक्य येतं. आजी एकदा तिच्या पहिल्या बाळाविषयी बोलली, जे सव्वा महिन्याचं होऊन गेलं. बोलून झाल्यावर म्हणाली, "हे पुस्तकात नको." नंतर दोन महिन्यांनी तिनंच सांगितलं, "तारीख आणि नाव घाल. बाकी नको." तसंच केलं. माणूस हयात असेल तर शब्द त्याचा. गेलेला असेल आणि त्यानं नको म्हटलं असेल, तरीही शब्द त्याचाच.

वाटण्या, भांडणं, कुणाचं व्यसन, कुणाची फसवणूक हे सगळं लिहून बंद पाकिटात घरी ठेवा, छापू नका. पण ते खोटंही करू नका. "सगळे गुण्यागोविंदाने नांदले" हे वाक्य छापलंत तर ज्यांना माहीत आहे त्यांचा बाकीच्या पानांवरचा विश्वासही उडेल. न छापणं आणि खोटं छापणं यांत फरक आहे. दोन आठवणी जुळत नसतील तर दोन्ही द्या, कुणी काय सांगितलं त्या नावानिशी.

लिहायला बसताना

"त्यांचा जन्म अमुक साली अमुक गावी झाला" इथून सुरू करू नका. साल-जन्म-नातेवाइकांचा एक तक्ता शेवटच्या पानावर द्या आणि मोकळे व्हा. मी पुस्तिका वर्षांवरून न लावता घरांवरून लावली: माहेरचं घर, नारायण पेठेतला वाडा, पुरानंतरची सहकारनगरची दोन खोल्यांची जागा, आणि शेवटचा फ्लॅट. बायकांच्या आयुष्याला वर्षांपेक्षा घरांचा क्रम जास्त लागू पडतो, असं मला हे करताना वाटलं.

रेकॉर्डिंग ऐकून आधी शब्दन् शब्द उतरवा. कंटाळवाणं काम आहे, एका तासाच्या बोलण्याला माझे चार-पाच तास गेले. तरी ते स्वतः करा. उतरवतानाच तिचे शब्द सापडतात. आजी "लवकर" म्हणायची नाही, "बिगीनं" म्हणायची, कारण तिचं माहेर सासवडकडचं. ते "लवकर" करून शुद्ध करू नका. एक प्रसंग एक पान, त्याहून मोठा नको. जिथे आजी स्वतः बोलली आहे तिथे तिला बोलू द्या आणि तुम्ही गप्प राहा.

छपाई

छपाई-बांधणीची कामं करणारे पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास मिळतील. जाताना पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेला तशीच लागते. मजकूर युनिकोडमध्ये टाईप करा. पण छापणाऱ्याकडे जुने फाँट असले की जोडाक्षरं फुटतात, म्हणून फाईल पीडीएफ करून द्या आणि एक कच्ची प्रत मागून घेऊन मोठ्यानं वाचा. अक्षर १६ पॉइंटचं ठेवा. वाचणारे निम्मे सत्तरीच्या पुढचे असतील.

शेवटची सहा पानं कोरी सोडा, वर फक्त "तुमची आठवण" असं लिहून. आणि पहिल्याच खेपेला सगळ्या प्रती छापू नका, २५ छापा. वाटल्यावर आठवड्याभरात फोन सुरू होतात. मामाआजोबांनी कळवलं की पान ९ वरचा फोटो जेजुरीचा नाही, मोरगावचा आहे. आत्यानं कोरी पानं तिच्या बारीक अक्षरात भरून पाठवली. त्यात पहिलीच ओळ होती: लोणच्याची बरणी माळ्यावर चढवली ती आईनं नाही, खालच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी, आईच्या कडेवर मी होते.